फरशीपुलाचा स्थिरांक

मी दोनशे पंच्याऐंशी बोलतोय. आकडाच आहे मी, दुसरं काही नाही. केज तालुक्यातल्या एका वाडीबाहेर नदीवर बुटका फरशीपूल आहे. पुलाच्या कडेला लोखंडी खांब आहे, खांबावर पुराची सूचना देणारा भोंगा आहे, आणि त्याच्या डबीतल्या नखाएवढ्या चिपमध्ये मी परवापर्यंत राहत होतो. आता तिथं दुसरा आकडा राहतो. मी पंचशीलाच्या लॅपटॉपमध्ये, जुन्या प्रोग्रामच्या फाइलीत पडून आहे.

प्रोग्रामच्या भाषेत माझ्या जातीला स्थिरांक म्हणतात. म्हणजे एकदा ठरला की ठरला. मला वाढता येत नाही, घटता येत नाही. आनंद व्हायला किंवा वाईट वाटायला आत थोडं तरी हलावं लागतं आणि ती सोय माझ्यात नाही. त्यामुळं पुढचं सांगताना माझा गळा दाटून आला नाही तर राग मानू नका. जसं झालं तसं सांगतो.

पंचशीला या वाडीचीच. तालुक्याच्या गावी एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिची आई केशरबाई नदीपलीकडच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहायला लागलं की ती लुगडं आवरून, चपला हातात धरून घरी यायची. परतीच्या पावसात एकदा पाणी असं काही चढलं की तिला शाळेच्या ओट्यावरच मुक्काम करावा लागला. लेकीनं तेव्हाच मनावर घेतलं. पाण्यापर्यंतचं अंतर वरून मोजणारं आणि पाणी फरशीच्या वीतभर खाली आलं की बोंबलणारं यंत्र करायचं.

पाण्याचं अंतर मोजणं अवघड नव्हतं. त्यासाठी फरशीच्या कडेबाहेर पाण्यावर रोखलेला सेन्सर होता. तो दर मिनिटाला नवीन आकडा आणून माझ्या शेजारच्या खोलीत टाकायचा. त्या शेजाऱ्याचं नाव 'अंतर'. भारी चंचल. आता एक असतो, घटकेनं दुसराच. पण त्याची तुलना करायला एक न हलणारं माप लागतं: सेन्सरपासून खाली रस्ता किती लांब. ते माप म्हणजे मी.

माझा जन्म सुखासुखी झाला नाही. पंचशीलानं आधी लिहिलं होतं की रस्त्याचं माप रस्त्यावर रोखलेल्या दुसऱ्या सेन्सरनं स्वतःच घ्यावं आणि तेच कायमचं धरावं. कंपायलरनं ते लाल अक्षरांत परत पाठवलं.

कंपायलर कोण, ते सांगायला हवं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा तो कारकून. त्याचं सगळं काम प्रोग्राम सुरू होण्याआधीचं. स्थिरांकाचा हिशोब तो तेव्हाच, बसल्या जागी उरकतो. बेरीज द्या, वजाबाकी द्या, एका स्थिरांकातून दुसरा काढायला सांगा, तो ना म्हणत नाही. बाहेर डोकावावं न लागणारी छोटी-मोठी आकडेमोडही करतो. फार गरागरा फिरवलंत तर मात्र दमतो आणि पुरे म्हणतो. पण ज्यासाठी खुर्चीवरून उठून नदीवर जावं लागेल, घड्याळ बघावं लागेल किंवा कुणाला काही विचारावं लागेल, त्याला तो साफ नकार देतो. सेन्सर प्रोग्राम चालू झाल्यावर मोजणार. ते माप आधीच मला द्या म्हटलं तर तो कुठून देणार?

"मग तूच जा की नदीवर," पंचशीला वैतागून स्क्रीनला म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

वाट होती. मला स्थिरांक न करता साधी बदलती किंमत करायची. यंत्र सुरू झालं की रस्ता मोजायचा आणि तो आकडा धरून चालायचं. तिनं तसं लिहूनही टाकलं. मग चहाचा कप हातात घेऊन ती त्या ओळीकडं बघत राहिली आणि तिनं ती खोडली. सोलरची बॅटरी ढगाळ दिवसांत उतरते. ऐन पुरात यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर तो दुसरा सेन्सर खाली बघणार, त्याला रस्त्यावर चढलेलं पाणी दिसणार आणि यंत्र पाण्यालाच रस्ता समजणार. मग पाणी जरा उतरलं की फरशी बुडालेली असतानाच भोंगा गप्प. तिचा विचार बरोबर होता. आजही मी तेच म्हणेन.

म्हणून ती टेप घेऊन फरशीवर गेली. टेपाचं दुसरं टोक नवनाथनं धरलं.

नवनाथ त्यांच्या शेजारचा, वाडीतले ऊसवाले शेतकरी बद्रीनाथ यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. वयानं तिच्याहून लहान. खांबाचा खड्डा त्यानंच खणला, सेन्सरची डबी टांगायचा आडवा दांडा त्यानंच चढून बसवला.

"ताई, ह्याला रोजच्या रोज रस्ता मोजायला कावून लावीत न्हाई?" त्यानं वरूनच विचारलं.

"पुरात येडं झालं तर पाण्यालाच रस्ता समजंल बाबा. एकदा मोजायचं आन् आत पक्कं करून ठिवायचं."

"बराबर हाय. रस्ता कुठं पळून जातोय?"

दोघंही हसले. रस्ता खरंच कुठं पळणार नव्हता. पंचशीलानं त्याला बाकीचं नीट समजावलं. सोलरची काच पुसायची, सेन्सरच्या तोंडाशी कोळिष्टक होऊ द्यायचं नाही, बाभळीची फांदी आडवी आली तर तोडायची. दांडा हलवू नको, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

दांड्याची उंची तीनशे सेंटिमीटर भरली. खाली लोंबणारी डबी पंधरा. पंचशीलानं मला तसंच लिहिलं, दांडा वजा डबी. कंपायलरनं वजाबाकी केली, दोनशे पंच्याऐंशी मांडले आणि पुढच्या ओळीला गेला. चिपमध्ये फक्त मी आलो. दांडाही नाही, डबीही नाही. मी कशातून झालो हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यात मी चांगला चाललो. पाणी हळूहळू चढत आलं, 'अंतर' कमी कमी होत गेलं, आणि माझ्यात वीतभर मिळवून जो आकडा होतो तिथं पोचताच भोंगा वाजला. वाडी फरशीवर गोळा झाली. पाणी अजून खाली होतं आणि भोंगा ओरडत होता, याचं लोकांना फार कौतुक वाटलं. केशरबाई भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या लेकीनं केलाय." शेजारच्या दोन वाड्यांनीही आपल्याकडं असा भोंगा बसवा म्हणून पंचशीलाला गळ घातली.

माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. भोंगा येण्याआधी वाडीची खूण वेगळी होती. फरशीच्या खालच्या अंगाला पात्रात एक काळा दगड आहे. तो बुडाला की कुणी पाय घालायचा नाही, असा जुना रिवाज. सासरी आलेल्या सुनेला पहिल्या पावसाळ्यात तो दगड दाखवत. भोंगा आल्यावर दगडाकडं कुणी बघेना. दोन वर्षांत त्याच्यापुढं वेड्या बाभळीचं रान माजलं, आणि ते तोडायचं कुणाला सुचलं नाही. भोंगा गप्प आहे म्हणजे जाता येतं, असं पोरंसोरंही म्हणायला लागली.

नवनाथचा मात्र आमच्यावर जीव होता. ट्रॅक्टर थांबवून खांबावर चढायचा, गळ्यातल्या उपरण्यानं काच पुसायचा. "काय बे, हायस का?" असं डबीला टपली मारून विचारायचा. डबीच्या मागं गांधीलमाश्यांनी घर केलं, ते त्यानं धूर करून काढलं. दोन ठिकाणी डसल्या त्याला. गाल सुजवून घरी गेला तर त्याची बायको माया त्याला म्हणाली होती, भोंग्याशीच संसार करा आता. हे त्यानंच दुसऱ्या दिवशी डबीला हसत हसत सांगितलं.

मग उसाचा हंगाम आला. बद्रीनाथांचा ऊस कारखान्याला निघाला. ट्रॉल्या कशा भरतात ते आमच्या भागात सांगायला नको. ट्रॉली कमी आणि ऊस जास्त. दोन्ही अंगांनी टिपरं बाहेर लोंबत असतात. फरशीवरून जाताना ती आमच्या दांड्याला घासायची. दर खेपेला डबी गदागदा हलायची. एक दिवस ट्रॉली जरा कडेनं गेली आणि दांडा वाकलाच.

नवनाथनं ट्रॅक्टर उभा केला. उसाच्या भाऱ्यावरून खांबावर आला. दांडा सरळ केला, त्याला खांबाशी आवळून धरणारी पट्टी सैल केली आणि दोन-अडीच हात वर सरकवला. पट्टीचा नट गंजला होता, आवळेना. तेव्हा त्यानं काळी तार घेतली, ट्रॉलीला ऊस बांधतात तसे तिढे देऊन दांडा पक्का केला आणि ओढून बघितला.

"हां. आता कुणाच्या बापाला लागत न्हाईस," तो म्हणाला आणि खाली उतरला.

त्यानं आम्हाला वाचवलं होतं. त्यात कुणाला कळवण्यासारखं त्याला काय वाटणार? पंचशीलाच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या. तो घरी गेला, जेवला असेल, विसरला असेल. आत चिपमध्ये 'अंतर' एकदम मोठे आकडे आणायला लागलं. नदी कोरडी पडत चालली होती, त्यामुळं मोठे आकडे यायचेच. मी दोनशे पंच्याऐंशीच होतो. वर सरकलेल्या दांड्याचा मला पत्ता लागायला मार्गच नव्हता.

यंदाच्या सप्टेंबरात वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला. वाडीत नुसती भुरभुर होती. सांजच्याला केशरबाई जळण झाकायला बाहेर आली, तेव्हा फरशीवरून गढूळ पाणी चाललं होतं. तिनं भोंग्याकडं बघितलं. भोंगा गप्प. पलीकडच्या काठावर नवनाथ मोटारसायकलवर होता. ट्रॅक्टरचं काही सामान आणायला तो युसूफ वडगाव या गावी गेला होता. त्यानं पाय टेकवून गाडी थांबवली, मान वर करून भोंग्याकडं बघितलं. थोडं थांबून पुन्हा बघितलं. मग गाडी पाण्यात घातली.

केशरबाई ओरडली. पाण्याच्या आवाजात ते पलीकडं गेलं नाही.

अर्ध्यात गाडी बंद पडली. तो उतरून ढकलायला लागला. पाणी गुडघ्याला होतं, मग मांडीला आलं. एक लोंढा आला, आणि गाडी आडवी झाली. त्यानं गाडी सोडली नाही. अजून एक लोंढा आला. आणि मग भोंगा वाजला.

माझ्या हिशोबानं तो अगदी वेळेवर वाजला. पाणी रस्त्याच्या वीतभर खाली आलंय, असं त्याचं म्हणणं होतं. वाडी धावत आली तेव्हा फरशीवर कुणी नव्हतं. भोंगा मात्र वाजत राहिला. त्याला बंद करायला जो चढायचा तोच गेला होता.

दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर बाभळीत तो सापडला.

पंचशीला मातीला आली, मग पुण्यानुमोदनाच्या विधीला थांबली. त्यानंतर लॅपटॉप घेऊन फरशीवर आली. मान वर केली आणि तिथंच उभी राहिली. खांबावर पट्टीची जुनी जागा दिसत होती, तिथला रंग अजून नवाकोरा होता. दांडा त्याच्या दोन-अडीच हात वर होता आणि त्याला काळ्या तारेचे तिढे होते. असे तिढे वाडीत कोण घालतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. आधी तिला नवनाथचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग कशाचाच येईना. ती फरशीच्या कठड्यावर बसली. केशरबाई मागून आली, तिनंही वर बघितलं आणि लेकीशेजारी बसली.

घरातून रंगाचा डबा आणून पंचशीलानं ती जुनी जागा रंगवून टाकली. रंग वाळत होता तोवर बद्रीनाथ आले. त्यांच्या मागं आणखी दोघं-चौघं आणि सगळ्यांच्या मागं माया. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. झोपेतून उठवून आणल्यासारखी ती चालत होती.

"ताई," माया म्हणाली, "भोंगा इतका उशिरा कावून वाजला?"

पंचशीलाच्या आधी बद्रीनाथ बोलले. "कुणी हात-बीत लावलाय का बघा की वर. नवनाथच चढायचा सारखा."

मायानं मान वर केली. ती दांड्याकडं बघत होती, तारेकडं बघत होती. केशरबाईनं लेकीचा हात धरला.

"कुणी हात लावला न्हाई," पंचशीला म्हणाली. "आकडा माझा चुकला. रस्त्याचं माप मी आत चुकीचं लिवलं."

"आन् मग मागल्या साली बरा वाजला की?"

"मागल्या साली पाणी दमानं चढलं, म्हणून चूक ध्यानात आली न्हाई. औंदा एकदम आलं."

"एवढं शिकून साधं टेपानं मोजता ईना व्हय?" बद्रीनाथ म्हणाले. "पोरगं गेलं की आमचं."

पंचशीलानं मान खाली घातली. दुसरं कुणी काही बोललं, तेही तिनं ऐकून घेतलं.

मग माया तिच्याजवळ येऊन बसली. "मला वाटलं त्यानंच काय तरी केलं आसंल वर," ती म्हणाली. "लई खोड हुती त्याला. तीन रात्री त्याच्याशीच भांडायले मी मनात. कशाला हात लावला, कशाला चढला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यानं न्हाई केलं ना ताई?"

"न्हाई," पंचशीला म्हणाली. "त्यानं काईच केलं न्हाई."

मायाचा बांध तेव्हा फुटला. माती झाली त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती, असं केशरबाई नंतर म्हणत होती. बायका तिला धरून घरी घेऊन गेल्या. बद्रीनाथही गेले.

मायलेकी दोघीच राहिल्या. केशरबाईनं वर बघत हळूच विचारलं, "दांडा खाली घ्यायचा न्हाई का?"

"न्हाई. ऱ्हाऊ दे तितंच."

दांडा खाली घेतला असता तर मी बरोबरच होतो. पण मग खाली का घेतला, असं कुणीतरी विचारलं असतं. म्हणून नवनाथनं बांधला तिथंच तो राहिला, आणि बदलायचं मला ठरलं. पंचशीलानं नव्यानं माप घेतलं. टेपाचं दुसरं टोक या वेळी केशरबाईनं धरलं होतं. माझ्या जागी नवा आकडा आला. कंपायलरनं तोही निमूट घेतला. आकडा पक्का आहे ना, एवढंच तो बघतो. खरा आहे का हे बघायला त्याला नदीवर यावं लागलं असतं.

शेजारच्या दोन्ही वाड्यांनी भोंगा नको म्हणून कळवलं. पंचशीलानं फोन ठेवला आणि पोळी तव्यावर तशीच करपू दिली. त्यांच्या फरशीवर पुढच्या पावसाळ्यात काय होईल याचा विचार तिच्या मनातून जात नाही. मला तो येत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की आपल्या वाडीतल्या भोंग्याचा दांडा आता कुणी हलवायचा नाही, असं ती सगळ्यांना सांगत फिरली. कारण कुणी विचारलं नाही. चुकलेल्या माणसाच्या सूचना लोक मुकाट ऐकून घेतात, निदान थोडे दिवस.

तुमच्याही घरात, शेतात, खिशात माझ्यासारखे कितीतरी आकडे बसलेले असतील. बाहेरचं काही सरकवलंत तर त्यांना आपोआप कळत नाही. ज्यानं ते आत घातले त्याला तेवढं सांगत जा.

आणि एक विनंती. मी बरोबर होतो. हे मला, पंचशीलाला आणि केशरबाईला माहीत आहे, आता तुम्हालाही आहे. कधी त्या वाडीवरून जाणं झालं आणि मायानं तुमच्यापाशी विषय काढला, तर तिला म्हणा, हो बाई, तो दोनशे पंच्याऐंशीच चुकीचा होता.